जव्हार-मोखाड्याची खानेसुमारी : एक साधनपरीक्षण

मुंबई व तिच्या भोवतालचा मुलूख यांतील लोकसंख्येची वाढ हा गेली काही वर्षे पुष्कळ लेखनाचा विषय झालेला आहे. दर दहा वर्षांनी निघणारे खानेसुमारीचे तक्ते घ्यावयाचे, त्यांवरून शेकडा वाढीचे प्रमाण काढावयाचे आणि त्या प्रमाणावरून पुढील काळाचे अनुमान बांधावयाचे, अशी या लेखनाची सामान्य रीत आहे. अनुमानांची बरीवाईट चर्चा अर्थशास्त्रज्ञ करतीलच. इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य त्याच्या अगोदरचे आहे. एखादी सनद हाती आली म्हणजे ती अस्सल की नक्कल, तिची मिती वाराशी जुळते की नाही, तीत सांगितलेली चतुःसीमा कोणती, हे पाहिल्यावाचून आपण तिचा आधार घेत नाही. खानेसुमारीचा तक्ता हाही एक कागदच आहे. त्यालाच तेवढी ही कसोटी न लावता प्रमाण मानण्याचा प्रघात आम्हांस सदोष वाटतो, आणि तो का सदोष आहे हे दाखविण्यासाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन डोंगरी तालुके आम्ही प्रस्तुत परीक्षणास घेतले आहेत.

जव्हारचे नाव इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाही. महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचे ते संस्थान. १६६४ च्या जानेवारीत सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारनजीक शिरपामाळावर झाला, ही परंपराही सर्वश्रुत आहे. परंतु राजघराण्याची हकीकत जितक्या आस्थेने लिहिली गेली तितक्या आस्थेने तेथील रयतेची संख्या कोणी तपासलेली नाही. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कोळी मल्हार आणि कातकरी मिळून या दोन तालुक्यांत दर दहा माणसांत नऊहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची आहेत. हे तालुके मुंबई महानगर प्रदेशाच्या हद्दीबाहेर पडतात, आणि म्हणून त्या प्रदेशाच्या वाढीचा विचार करणारे लेखक त्यांस सहसा वगळतात. हे वगळणे योग्य आहे काय, हाच या लेखातील मुख्य प्रश्न होय.

प्रथम आकडे जसे छापले आहेत तसे देतो. १९०१ साली जव्हार संस्थानाचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल आणि लोकसंख्या ४७,५३८ होती. जव्हार गावाची वस्ती ३,५६७ होती. २०११ साली जव्हार तालुक्याची लोकसंख्या १,४०,१८७ आणि मोखाडा तालुक्याची ८३,४५३ भरली. जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत १२,०४० माणसे मोजली गेली. २००१ साली हेच दोन तालुके अनुक्रमे सुमारे १ लाख ११ हजार व ६७ हजारांचे होते. म्हणजे एका दशकात दोहोंची वाढ सुमारे चतुर्थांशाची झाली. त्याच दशकात बृहन्मुंबई १,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३ वर गेली. तिची वाढ शेकडा चारांहूनही कमी आहे. महाराष्ट्र राज्याची वाढ शेकडा सोळा होती. शहर वाढते आणि रान ओस पडते, ही जी सर्वसाधारण समजूत, तिला हे आकडे वरवर पाहताही धक्का देतात. तथापि, या आकड्यांवरून उलट सिद्धान्त काढण्याची घाईही आम्ही करणार नाही. त्यांस प्रथम तीन प्रश्न विचारले पाहिजेत: हद्द कोणती, दिवस कोणता, आणि माणूस कोठला धरला.

हद्द

१९०१ चे ४७,५३८ आणि २०११ चे १,४०,१८७ हे आकडे शेजारी ठेवले तर जव्हारची वस्ती एकशेदहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झाली असे दिसते. हे विधान छापले गेले तर कोणास खटकणार नाही. पण ते चूक आहे. १९०१ चा आकडा संस्थानाचा आणि २०११ चा तालुक्याचा आहे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले, आणि पुढे १९९९ साली मुख्यतः जव्हारच्याच गावांतून विक्रमगड हा नवा तालुका काढला गेला. विक्रमगडची २०११ ची लोकसंख्या १,३७,६२५ आहे. ती जव्हारमध्ये मिळविली तर बेरीज २,७७,८१२ होते, आणि वाढ तिपटीऐवजी पावणेसहा पटींच्या वर जाते. विक्रमगड तालुक्यातील सर्वच गावे संस्थानी नसल्यामुळे खरे उत्तर या दोहोंच्या दरम्यान पडेल. एकाच प्रश्नाला तिपटीचे आणि पावणेसहा पटींचे अशी दोन उत्तरे केवळ हद्दीच्या फरकाने मिळतात, इतके येथे लक्षात घेतले म्हणजे पुरे. २००१ च्या जव्हार तालुक्याची तुलना १९९१ च्या तालुक्याशी करणारास तर लोकसंख्या एकाएकी खाली आलेली दिसेल, आणि तो तिची कारणे दुष्काळात किंवा स्थलांतरात शोधीत बसेल.

मुंबईच्या आकड्यातही हाच फसवा भाग आहे. १९०१ साली मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ होती. ती २०११ च्या १,२४,४२,३७३ शी ताडून मुंबई सोळापट झाली असे सांगण्यात येते. परंतु १९०१ ची मुंबई म्हणजे केवळ बेट. बृहन्मुंबईची हद्द १९५० व १९५७ साली वाढविण्यात आली. बेटाचीच २०११ ची लोकसंख्या घेतली तर ती ३०,८५,४११, म्हणजे १९०१ च्या चौपट भरते. आणि तीही २००१ च्या ३३,३८,०३१ वरून उतरलेली आहे. हद्द स्थिर धरली म्हणजे मुंबई बेट चौपट आणि जव्हारचा डोंगर तिपटीहून अधिक, असे चित्र उभे राहते. एकात चढउतार आहेत, दुसऱ्यात वाढ चालूच आहे; पण दोहोंत सोळा आणि तीन असे अंतर नाही. नव्या घरांची जी प्रचंड वाढ महानगराच्या नावे सांगितली जाते ती बेटाबाहेर, साष्टीत, ठाण्यात, कल्याणात आणि वसईत झालेली आहे.

मोखाड्याचा हद्दीचा इतिहास वेगळा आहे. तो संस्थानात नव्हता. ब्रिटिश अंमलाखालील ठाणे जिल्ह्याचा एक पेटा होता. १९३६ च्या हुकुमाने जी क्षेत्रे अंशतः वर्जित ठरविली गेली त्यांत मोखाडा पेटा आहे; जव्हार संस्थान असल्यामुळे त्या यादीत येऊच शकत नव्हते. या भेदाचा परिणाम साधनांवर झाला. मुंबई सरकारने वर्जित क्षेत्रांतील जमातींच्या स्थितीची चौकशी सिमिंग्टन यांजकडून करविली, तीत मोखाडा आला आणि जव्हार बाहेर राहिले. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचीही हीच गत आहे. वारली, ठाकूर, कातकरी यांची घरे, पेहराव, लग्नविधी यांची त्या ग्रंथातील वर्णने आजही उपयोगी पडतात, आणि त्यांबद्दल संपादकांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण जिल्ह्याची लोकसंख्या एका ठिकाणी आणि संस्थानाची निराळ्या ठिकाणी, अशी मांडणी झाल्यामुळे हद्दीच्या अलीकडचा वारली आणि पलीकडचा वारली हे एकाच समाजाचे असूनही दोन वेगळ्या हिशेबांत पडले. रानातून वाहणाऱ्या ओढ्याला ती हद्द ठाऊक नव्हती. कागदाला मात्र ठाऊक होती.

दिवस

दुसरा प्रश्न दिवसाचा. १९३१ पर्यंतच्या गणना एका ठराविक रात्री होत. १९०१ ची गणना १ मार्चच्या रात्रीची आहे. त्या रात्री जो जेथे सापडला तो तेथला धरला गेला. मुंबईत १८९६ पासून प्लेगचा कहर चालू होता आणि लोक शहर सोडून जात होते. म्हणूनच १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबई १९०१ साली ७,७६,००६ वर उतरली, आणि १९११ साली एकदम ९,७९,४४५ वर चढली. या चढउतारात मृत्यूंचा वाटा होता तसाच गणनेच्या रात्री शहराबाहेर असलेल्या माणसांचाही होता. मुंबईच्या इतिहासकारांनी ही गोष्ट ओळखली आहे. जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत मात्र असा विचार झालेला नाही. आणि तेथे तर घर सोडून जाणे ही प्लेगासारखी क्वचित येणारी आपत्ती नसून वर्षाचा नेम आहे.

या डोंगरांत शेती पावसावर चालते. नागली, वरई, उडीद, खुरासणी आणि खाचरांत थोडे भात, असे पीक निघते. दिवाळी झाली की घरातील दाणा किती दिवस पुरेल हे कळून चुकते. मग आगाऊ उचल घेतलेली जोडपी मुलाबाळांसह भिवंडी, वसई, वाडा, कल्याण इकडील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामावर, किंवा घाट चढून नाशिकच्या बागायतीत कामास जातात. शिमग्यास गावी येतात, पुन्हा जातात, आणि पाऊस पडण्याच्या सुमारास परततात. १९४१ पासून गणनेची रीत बदलली आणि एका रात्रीऐवजी काही दिवसांचा अवधी ठरविण्यात आला. २०११ साली हा अवधी ९ ते २८ फेब्रुवारी आणि संदर्भक्षण १ मार्चचा प्रारंभ असा होता. १ ते ५ मार्च या दिवसांत फेरतपासणी झाली. म्हणजे जेव्हा पाडे अर्धेअधिक रिकामे असतात नेमका तोच हंगाम मोजणीस लाभला.

येथे एक बारकावा आहे, आणि तो पंचांग जाणणाऱ्या वाचकांस पटकन कळेल. सरकारी दिवस सौर गणनेचा, शिमगा चांद्र गणनेचा. १९९१ साली फाल्गुनी पौर्णिमा २८ फेब्रुवारीस होती. संदर्भक्षण होळीला अगदी लागून आला. २००१ साली पौर्णिमा ९ मार्चला आली आणि २०११ साली १९ मार्चला. १९९१ च्या गणकास कदाचित गावी परतलेली कुटुंबे भेटली असतील. २०११ च्या गणकाने दप्तर बांधले तेव्हा त्या कुटुंबांस गावी येण्यास दोन आठवडे अवकाश होता. याचा आकड्यांवर किती परिणाम झाला याचे माप आम्ही देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की १ मार्च ही तारीख तिन्ही खेपांस एकच असली तरी डोंगरातील माणसाच्या दृष्टीने तो एकच दिवस नव्हता. आणि हे ध्यानात न घेता दोन गणनांमधील फरकास वाढीचा कल म्हणणे धाडसाचे आहे.

माणूस कोठला

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. २०११ च्या नियमान्वये माणूस आपल्या नित्याच्या राहत्या ठिकाणी मोजावयाचा. परंतु मोजणीच्या संपूर्ण अवधीत तो तेथे नसेल तर जेथे आढळेल तेथे मोजावयाचा. नियम स्वच्छ आहे. त्याचा अर्थ असा की मोखाड्याचे जे कुटुंब सबंध फेब्रुवारी भिवंडीच्या भट्टीवर होते ते कायद्याने भिवंडी तालुक्याच्या लोकसंख्येत गेले पाहिजे. प्रत्यक्षात तीन गोष्टी संभवतात. भट्टीवर गणक पोचला आणि त्याने त्यांस मोजले, तर ती माणसे महानगराच्या वाढीत जमा झाली. गावी राहिलेल्या म्हातारीने मुलाची, सुनेची आणि नातवंडांची नावे सांगितली आणि गणकाने ती लिहून घेतली, तर ती डोंगराच्या वाढीत जमा झाली. भट्टीवर कोणी पोचले नाही आणि पाड्यावरचे दार बंद होते, तर ती कोठेच जमा झाली नाहीत. दोन्हीकडे लागून दुबार मोजणी होण्याचाही संभव आहेच. तक्त्यात या चारही प्रकारांचा शेवट एकाच ठाम आकड्यात होतो.

यात गणकाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. गणक बहुधा प्राथमिक शिक्षक असतो. एका महसुली गावाचे अनेक पाडे दोन-तीन टेकड्यांवर विखुरलेले असतात आणि ते सर्व त्यास पायी फिरावे लागतात. दोष आहे तो आकडा वाचणाराचा; कारण तो वाचताना माणसाचे वर्ष विसरतो आणि फक्त त्याचा एक दिवस लक्षात ठेवतो.

या ठिकाणी कोकणाशी तुलना उद्बोधक आहे. रत्नागिरीचा गडी मुंबईच्या गिरणीत आला. तो शहराच्या हद्दीत राहिला, आणि खानेसुमारीच्या जन्मस्थळाच्या तक्त्यात त्याची नोंद रत्नागिरीचा म्हणून झाली. त्यामुळे मुंबईची वाढ कोणत्या जिल्ह्याच्या बळावर झाली हे इतिहासकारास दाखविता आले, आणि चाकरमान्याला मुंबईच्या इतिहासात स्थान मिळाले. जव्हार-मोखाड्याच्या मजुराचे तसे झाले नाही. त्याची भट्टी शहराच्या हद्दीबाहेर. तेथील वीट शहरात गेली, वीट पाडणारा गेला नाही. शिवाय २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत जव्हार, मोखाडा, वसई, भिवंडी, कल्याण हे सारे एकाच ठाणे जिल्ह्यात होते. सबब मोखाड्याहून भिवंडीस जाणे हे जिल्ह्यांतर्गत हालचालीत पडे, आणि जिल्हावार तक्ते पाहणारास ते दिसतच नसे. पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर तेच जाणे आंतरजिल्हा स्थलांतर ठरते. यापुढील गणनेत ठाणे जिल्ह्यात बाहेरून येणारांची संख्या फुगलेली दिसली तर त्यातील काही भाग केवळ या रेघेचा असेल. एकही पाऊल अधिक पडलेले नसेल. हा इशारा भावी लेखकांनी आताच टिपून ठेवावा अशी आमची विनंती आहे.

जिल्ह्याच्या सरासरीनेही असाच घोटाळा होतो. अविभक्त ठाणे जिल्हा २००१ साली ८१,३१,८४९ आणि २०११ साली १,१०,६०,१४८ होता. वाढ शेकडा छत्तीस. आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीतील २०११ ची लोकसंख्या २९,९०,११६. तीत एकट्या वसई तालुक्याचे १३,४३,४०२, म्हणजे शंभरांत पंचेचाळीस. जव्हार व मोखाडा मिळून शंभरांत साडेसात. अशा जिल्ह्याची सरासरी काढली म्हणजे तिच्यात वसई-विरार दिसते आणि मोखाडा नाहीसा होतो.

परिणाम

कोणी म्हणेल की हा सारा तक्त्यांचा वाद आहे. तसे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये किती माणसांस धान्य द्यावयाचे याची मर्यादा खानेसुमारीच्या आकड्यांवरून ठरते. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांची वाटणी लोकसंख्येवर होते. भट्टीवर मोजलेल्या मुलाच्या नावचा हिस्सा भट्टीच्या तालुक्यास मिळतो, आणि ते मूल पावसाळ्यात, म्हणजे घरातील दाणा संपलेला असतो त्या दिवसांत, पाड्यावर असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सबंध महाराष्ट्र हादरला. त्यानंतर २००१ ते २०११ या दशकात या तालुक्यांची लोकसंख्या वाढलेलीच दिसते. दशवार्षिक वाढ ही जन्मांतून मृत्यू आणि येणारांतून जाणारे वजा करून उरलेली बाकी आहे. बाकी मोठी आहे एवढ्यावरून खर्चाची बाजू हलकी होती असे अनुमान कोणताही जमाखर्च लिहिणारा काढणार नाही. लोकसंख्येवर लिहिणारांनीही ते काढू नये.

आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे धरण बांधून तेथून मुंबईस रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना झालेली आहे. महानगराच्या पाण्याच्या हिशेबात मोखाडा आहे. त्याच्या विटांच्या हिशेबात जव्हार आहे. त्याच्या माणसांच्या हिशेबात मात्र दोन्ही नाहीत. डोंगरातून जाणारे पाणी रोज मोजले जाते आणि माणूस दहा वर्षांतून एकदा. तीही दहा वर्षांची मर्यादा टळली. २०२१ ची गणना त्या साली झाली नाही.

म्हणून आमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे, की महानगराच्या वाढीचा विचार करताना हे तालुके वगळणे योग्य नाही. महानगराची वाढ आणि जव्हार-मोखाड्याची वाढ ही दोन खाती नसून एकाच खात्याच्या दोन बाजू आहेत. एका बाजूस जे आठ महिने घटते ते दुसऱ्या बाजूस जमा होते, आणि पाऊस पडला की परत फिरते. जो इतिहास फक्त जमेची बाजू वाचतो तो अपुरा आहे.

केवळ दोष दाखवून थांबणे परीक्षकास शोभत नाही, यास्तव तीन सूचना करतो. पहिली, जव्हार संस्थानातील गावांची यादी आजच्या जव्हार, विक्रमगड व इतर तालुक्यांतील गावांशी एकेक करून ताडून पहावी आणि १९०१ पासूनचे आकडे त्या स्थिर हद्दीवर फिरून मांडावेत. गावनिहाय छापील आकडे आहेत, श्रम मात्र हवेत. दुसरी, संस्थानी दप्तर, शाळांची हजेरीपत्रके, रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीपट आणि अंगणवाडीची वजनाची पुस्तके यांस इतिहासाची साधने मानून त्यांचे जतन करावे. कारण गणना एक दिवस सांगते, हजेरीपत्रक सबंध वर्ष सांगते. तिसरी, १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ठरविला आणि त्या वर्षीची फाल्गुनी पौर्णिमा २२ मार्चची आहे. अभ्यासकांनी निदान काही निवडक पाड्यांची शिरगणती त्या शिमग्याच्या आठवड्यात आणि पुन्हा श्रावणात करून ती सरकारी आकड्यांशी ताडावी. या दोन मोजण्यांत जे अंतर पडेल तेच या डोंगरांच्या लोकसंख्येविषयीचे पहिले विश्वसनीय ज्ञान ठरेल. तोपर्यंत जव्हार-मोखाड्याच्या नावे छापलेला कोणताही कल आम्ही पुराव्याची वाट पाहणारे विधान म्हणूनच वाचू, आणि वाचकांनीही तसाच वाचावा.